चार तासांचा रस्ता

बॅग दारातच टाकून तो आत गेला, तेव्हा आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. तेवढी ताकद तिच्यात अजून होती. बाकी फारसं काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी औषधंसुद्धा थांबवली होती.

सहा वर्षं ती त्याच्याशी बोलली नव्हती. तो परदेशी गेला आणि वर्षही उलटलं नाही तोच बाबा गेले. निरोप मिळताच मिळेल त्या पहिल्या विमानाने तो निघाला, पण पोचला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सगळं आटोपल्यावर. तेव्हापासून अबोला. तो दर रविवारी फोन करायचा आणि आई फोन ताईच्या हातात देऊन स्वयंपाकघरात भांडी आपटायची. तिचा राग म्हणजे दगडावरची रेघ. एवढ्या लांबून येणाऱ्याला उशीर होणारच, हे तिला कळत कसं नाही, याचं दोघा भावंडांना नवल वाटायचं.

तो पलंगाजवळच्या स्टुलावर टेकला. कानांतले दडे अजून सुटले नव्हते.

"आई, बघ तरी त्याच्याकडे," ताई म्हणाली. "किती लांबून आलाय."

"लांबून!" आई भिंतीशीच बोलली. आवाज खोल गेला होता, पण धार तीच होती. "चार तासांचा तर रस्ता. दुपारपर्यंत यांना उचलू दिलं नाही मी कोणाला. म्हटलं, येईल. दाराकडे बघून डोळे फुटले माझे."

ताई गोंधळली. त्याला मात्र विमानतळ आठवला.

पहिल्यांदा निघाला, तेव्हा विमानतळावर आईने रडून आकांत मांडला होता. काही केल्या हात सोडेना. मग त्याने तिकीट तिच्या नाकासमोर धरलं होतं. "बघ, इथून सकाळी दहाला सुटतं, तिथे दुपारी दोनला उतरतं. चार तासांवर तर आहे मी! तू हाक मार, जेवायला हजर." तिकिटावर खरंच तसं छापलेलं होतं. फक्त दोनचा आकडा तिकडच्या घड्याळाचा होता, आणि तिकडची घड्याळं अकरा तास मागे चालत. मधले पंधरा तासांचे ढग त्याने खुशाल गिळून टाकले होते. आईने डोळे पुसले होते. तोही आपल्या हुशारीवर खूश होऊन विमानात बसला होता.

"चार तास कुठले?" ताईला आता उलगडलं. "अगं आई, ते तर–"

त्याने तिचं मनगट घट्ट दाबलं. खरं सांगितलं तर तो सुटला असता. पण मग ती सहा वर्षं आईच्या उरावर बसली असती, आणि आईला तर श्वासही पेलवत नव्हता.

"चुकलो, आई," तो म्हणाला. "निघायलाच उशीर केला मी."

आईने हळूहळू तोंड इकडे वळवलं. हात उचलून त्याच्या गालाला लावला. हात गार होता.

"एवढंच ऐकायचं होतं रे," ती म्हणाली. "त्याला सहा वर्षं लावलीस?"