आजोबांच्या हातची नोंद

वंशावळ पुरी करायला श्रीपादराव नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे आले. तिथल्या वहीत प्रत्येक पिढी स्वहस्ते नावं लिहून जाते.

“हे तुमचे आजोबा,” गुरुजी म्हणाले. “बायको आणि एकुलता मुलगा पुरात वाहून गेले म्हणून दोघांचे पिंड द्यायला आलेले. या हिशेबानं तुम्ही जन्मलाच नाहीत हो.”

श्रीपादरावांना हसू आलं नाही. घरात सगळे धरून चालले होते की पुरात आजीबरोबर आजोबाही गेले आणि बाबा तेवढे वाचले. खाली आजोबांनी लिहिलं होतं: मुलाच्या पिंडाला कावळा शिवला नाही.

बाबाही दर पितृपक्षात आजोबांचं पान ठेवून ताटकळायचे. वीस वर्षं कावळा फिरकला नाही. आपलंच काही चुकतंय म्हणून बाबा कान धरायचे.

श्रीपादरावांनी घरी फोन लावला. “बाबा, तुमचं काही चुकत नव्हतं. आजोबा जिवंत होते.”

पलीकडे बाबा पुटपुटत वर्षं मोजू लागले. मग म्हणाले, “म्हणजे एकविसाव्या वर्षी कावळा आला, तेव्हा गेले.”