शेवाळातली गोल जागा

चांगुणाबाईंचा पाय मोडला. तीन महिने खाटेवर काढायचे होते. त्यांना विरंगुळा म्हणून नवऱ्यानं, रंगनाथ मास्तरांनी, चौऱ्याहत्तर साली केडगावच्या घरात माशांची छोटी काचेची पेटी मांडली. वाळूत पाणवनस्पती लावल्या, चार मासे सोडले.

आठवड्यात काचा आतून शेवाळानं हिरव्या झाल्या. मास्तर शाळेत विज्ञान शिकवत. रोपं अजून रुजली नाहीत, त्यात ऊन थेट पडतं, हे त्यांना कळत होतं. त्यांनी पेटीवर गोणपाट टाकलं, माशांचं खाणं कमी केलं. तरी शेवाळ वाढलंच. फक्त खाटेकडच्या काचेवर बांगडीएवढी गोल जागा स्वच्छ राहिली.

"तू पुसतेस का गं?"

"मी कशी उठनार? अन् ते आतून पुसलेलं हाय. दिवसभर तिथून कुनीतरी बघतंय असं वाटतं मला."

मास्तरांनी पेटी फिरवून ठेवली. सकाळी ती जागा शेवाळानं भरली होती, आणि आता खाटेकडे आलेल्या काचेवर नवी गोल जागा होती.

मास्तर बराच वेळ विचार करत बसले. कारण सापडेना. शेवटी त्यांनी मासे शेजारी दिले, पाणी परसात ओतलं आणि पेटी घासून उन्हात पालथी घातली. त्यांना हलकं वाटलं.

"झालं. आता निवांत पड," ते दारातूनच म्हणाले.

चांगुणाबाई खिडकीकडे बघत होत्या. खिडकीची कोरडी काच बाहेरून हिरवीगार झाली होती. मधोमध बांगडीएवढी जागा स्वच्छ होती.

मास्तर खाटेकडे निघाले, तशी ती जागा त्यांच्याबरोबर हळूच सरकली.