एकच बिस्कीट

आमच्या हिच्या आग्रहापुढे टिकलेला माणूस मी चाळीस वर्षांत पाहिलेला नाही; मधुमेही डॉक्टरसुद्धा दोनदा गोड खाऊन गेले. परवा नातीची सात वर्षांची मैत्रीण खेळायला आली. हिने स्वतः भाजलेली दाण्यांची बिस्किटं पुढे केली. “मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, आजी. श्वास बंद होतो.” “अगं, एकाने काय होतंय? घरचं आहे.” मुलीने वाद घातला नाही. दप्तरातून पेनासारखं इंजेक्शन काढून हिच्या हातात ठेवलं. “मग आधी हे शिकून घ्या. टोपण काढायचं, मांडीवर दाबून धरायचं, दहापर्यंत मोजायचं. नंतर ॲम्ब्युलन्सला फोन. आईला शेवटी करा, ती रडत बसते.” ही बशी घेऊन आत गेली. साबणाने हात धुतले, ओटा पुसला आणि दुखरे गुडघे दुमडून तिच्यासमोर जमिनीवर बसली. “पुन्हा सांग बाळा, सावकाश. टोपण काढायचं, मग?”