रांजण क्रमांक सात

रांजण वाचला. साहेब? कोण साहेब? आमच्या गावात कुणी आलंच नव्हतं.

तर माद्रिदचे वारसा अधिकारी ओर्दोन्येस चार पेले वाइन चाखून, मेणबत्ती घेऊन फुलखेन्सिओकाकांच्या तळघरातल्या पुरुषभर उंच, रिकाम्या रांजणात जुना शिक्का बघायला उतरले आणि पोटामुळे आतच अडकले. शेजारच्या रांजणांत नवी वाइन फसफसत होती. तिचा वायू आधी मेणबत्ती विझवतो, मग माणूस.

"साहेब, ज्योत बारीक झाली. फोडू का?" फुलखेन्सिओकाकांनी हातोडा उचलला.

"खबरदार! चारशे वर्षांचा वारसा आहे. माझी लेखी परवानगी लागेल."

"मग द्या की!"

"आधी अर्ज करा."

गेल्या साली न विचारता दार रंगवलं म्हणून कोठडी पाहिलेल्या काकांनी मुकाट्याने चष्मा शोधला. अर्ज पुरा होईतो आत अंधार झाला होता.

'मा. ओर्दोन्येस साहेब, मुक्काम रांजण क्रमांक सात, यांस. सदर रांजण फोडण्याची परवानगी तातडीने मिळावी, ही नम्र विनंती.'