मागं राहू नकोस

गवत जाळून मोकळ्या केलेल्या माळावर नव्या गावातली पहिली झोपडी उभी राहिली आणि आन्सांगचा मुलगा पिलो तापानं फणफणला. उत्तरेतला आपला इलोकोस प्रांत सोडताना तिनं प्रत्येकाला नावानं हाक मारली होती, “चल, मागं राहू नकोस!” नाहीतर माणूस पुढं येतो, जीव तिथंच राहतो. घाईत पिलोचं नाव राहिलं की काय, आठवेना. “जीव काय वासरू आहे, वाट चुकायला?” नवरा करवादला. पोराचा सदरा उत्तरेकडे हलवत ती तीन दिवस हाका मारत राहिली. चौथ्या दिवशी पिलोनं भात मागितला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ती मात्र घासही न घेता उत्तरेकडेच बघत बसली. नवऱ्यानं विचारलं, “निघताना तुला कुणी हाक मारली?” मग तिच्या डोक्यावरचा रुमाल काढून उत्तरेकडे हलवत तो ओरडला, “आन्सांग, चल गं! मागं राहू नकोस!”