जिराफाच्या मानेतली गाठ

सासूबाईंनी हौसेनं विणून दिलेला पिवळाजर्द स्वेटर सुनेनं तीन वर्षांत एकदाही अंगात घातला नव्हता. शेवटी एका दुपारी मन घट्ट करून तिनं तो उसवला. तोही काही सुखानं उसवेना. जरा धागा सुटला की मध्ये गाठ. पण क्रोशाच्या सुईवर त्याच लोकरीचा असा झकास जिराफ उतरला, की लेक त्याला शेजारी बसवल्याशिवाय घासच घेईना.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाई दारात हजर! नातीनं आल्या आल्या जिराफ त्यांच्या मांडीवर ठेवला.

"गोड झालाय गं. लोकर कुठली?"

"उरलीसुरली होती, आई. कपाटात नुसती पडून होती."

हे निम्मंच खोटं होतं. ठिपक्यांची तपकिरी लोकर खरोखरच उरलेली होती. सासूबाईंनी चष्मा चढवला, जिराफाची मान चाचपली आणि त्यांचं बोट एका गाठीवर थांबलं. सुनेला कुठं तोंड लपवू असं झालं.

सासूबाई तिच्या कानाशी वाकल्या.

"ही गाठ माझ्याच हातची. माझ्या सासूबाईंनी दिलेला स्वेटर मी चोरून उसवला ना, तेव्हा लोकर जागोजागी तुटली होती." मग जिराफाकडे बघून त्या खुदकन हसल्या. "तुला निदान जिराफ तरी सुचला. मला मेलीला परत स्वेटरच सुचला!"