रेषा की पावडर

केसांच्या रेषा की पावडर, हे लक्ष्मणरावांना मुलगा केयूर यायच्या आत ठरवायचं होतं. केयूर विक्रमगड सोडून पुढे आला होता.

लक्ष्मणरावांनी मोखाड्याच्या एका कार्यालयात सगळी नोकरी केली होती. कठीण फाईल आली की तिच्यावर 'चर्चा करावी' असा शेरा मारायचा आणि ती पुढच्या टेबलावर सरकवायची, हे त्यांना उत्तम जमत असे. आज पुढचं टेबल नव्हतं. ज्यांच्या भुवयांचा प्रश्न होता त्या आशालताबाई माजघरात चटईवर डोळे मिटून पडल्या होत्या आणि मत देत नव्हत्या.

अवंती त्यांच्या उशाशी बसून डबा उघडत होती. तिचं जव्हारच्या एसटी स्टँडसमोर पार्लर होतं. अशा टिकणाऱ्या भुवया करायला ती ठाण्याला जाऊन शिकून आली होती. जव्हारमध्ये हे काम करणारी दुसरी कोणी नसल्यामुळे ती तज्ज्ञ होती.

नाशिकच्या उपचारांत आशालताबाईंच्या भुवया गेल्या होत्या. डोक्यावरचे केस गेले त्याचं त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही, पदर होता. भुवयांवर पदर घेता येत नाही. तेव्हापासून बंगळुरूच्या केयूरला व्हिडिओ कॉलवर आईऐवजी छताचा पंखा दिसायचा. दिवाळीलाही तिने त्याला येऊ दिलं नव्हतं. भुवया करून घेते, मग ये, एवढंच सांगितलं होतं.

पण कोणत्या, हे ठरत नव्हतं. आशालताबाई सोमवारी अवंतीला फोन करून रेषा म्हणायच्या आणि गुरुवारी पावडर. पेन्सिलीचं नावही काढू द्यायच्या नाहीत. भांडी घासायला येणाऱ्या हिरीच्या कपाळावर गोंदण होतं. मजुरीसाठी गाव सोडून जाण्याला ती 'जगाया जाणं' म्हणायची. ती एकदा म्हणाली होती, "जगाया जाताना दागिना घरी ठेवाया लागतो, बाय. गोंदलेलं तेवढं संगं येतं." आशालताबाई तेव्हा हसल्या होत्या. नंतर तेच वाक्य त्यांनी लक्ष्मणरावांना दोनतीनदा ऐकवलं होतं.

शेजारच्या मीनावहिनी दाराशी उभ्या होत्या. एवढ्याशा भुवया आपण काजळाने काढून दिल्या असत्या, असं त्यांचं म्हणणं होतं. मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "या वेळी हे काय, भावजी? लोक हसतील."

"हसू देत," लक्ष्मणराव म्हणाले. "काजळ आंघोळीत निघून जाईल."

अंगणात गल्लीतले पांड्या आणि रमेश बांबू तासत होते. ओट्यावर माणसं जमत होती. अवंतीला अजून कोणी चहा विचारला नव्हता आणि तिनेही अपेक्षा केली नव्हती.

तिने दोन्ही प्रकार समजावून सांगितले. रेषा म्हणजे बारीक पात्याने एकेक केस त्वचेत ओढायचा. जवळून बघितलं तरी खऱ्या वाटतात. पावडर म्हणजे मशीनने ठिपके भरायचे. लांबून उठून दिसते, जवळून रंगवलेलं कळतं. दोन्ही वर्ष-दोन वर्षं टिकतात. हे सांगताना तिने लक्ष्मणरावांकडे बघायचं टाळलं.

"काका, डॉक्टरांनी थांबायला सांगितलं होतं ना?"

"आता त्यांची हरकत नाही."

मुलगी प्रांजल आईचा हात हातात घेऊन बसली होती. ती म्हणाली की आईला भीती एकच होती, चुकलं तर दोन वर्षं चुकीच्या भुवया घेऊन गावात फिरायचं.

"ती भीती नको," लक्ष्मणराव म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोसाठी एक साडीसुद्धा एकट्याने निवडली नव्हती. निवडली असती तर ती बदलून आणावी लागली असती, हेही त्यांना माहीत होतं.

"केयूर जवळून बघेल," ते शेवटी म्हणाले. "रेषा कर."

अवंतीने बधिर करायचं क्रीम बाहेर काढलं, क्षणभर हातात धरलं आणि परत डब्यात ठेवलं. दोऱ्याने माप घेतलं. प्रांजलने आईच्या लग्नातला फोटो मोबाईलवर धरला. डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर होती. तशीच ठेव, लक्ष्मणराव म्हणाले, तिला माझं बोलणं पटलं नाही की ती आणखी वर जायची.

अवंतीने पहिली रेषा डाव्या भुवईची ओढली. बाकीच्या एकेक करून झाल्या. काम झाल्यावर ती सवयीने सांगू लागली, "आठवडाभर पाणी लावायचं नाही, उष्णतेजवळ..." आणि तिथेच थांबली. पैशाचा विषय निघायच्या आत तिने डबा उचलला आणि मागच्या दाराने निघून गेली.

बायकांनी पाणी तापवलं. कपाटातली हिरवी साडी निघाली, हिरव्या बांगड्या निघाल्या. मीनावहिनींनी स्वतः आशालताबाईंना कपाळभर कुंकू लावलं आणि भुवयांकडे बघून म्हणाल्या, "शोभतात हो."

केयूर आला तो बूट काढून सरळ माजघरात गेला. गुडघ्यांवर बसला, अगदी जवळ वाकला. डाव्या भुवईवरून त्याने हलकेच अंगठा फिरवला. रंग हाताला लागला नाही.

"आईचं ठरलं म्हणायचं एकदाचं," तो म्हणाला.

"हो," लक्ष्मणराव म्हणाले. "रेषा."

तेवढ्यात पांड्याने दारातून हळूच सांगितलं की तिरडी बांधून झाली आहे, आणि भटजींनी विस्तवाचं मडकं केयूरच्या हातात दिलं.